पडद्यावरचा प्रयोग ऐकायचा कसा?

फुगवलेला फुगा लोकरीच्या स्वेटरवर चार-सहा वेळा घासा आणि भिंतीला टेकवून हात अलगद काढून घ्या. फुगा भिंतीलाच चिकटून राहतो. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हा प्रयोग चांगला जमतो. पावसाळ्यात मात्र फुगा बहुधा खाली पडतो, कारण दमट हवेत विद्युत प्रभार फुग्यावर फार वेळ टिकत नाही.

हाच प्रयोग आता संगणकाच्या पडद्यावरही करता येतो. अमेरिकेत बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली ‘फेट’ नावाचा एक प्रकल्प सुरू झाला. तो सुरू करणारे कार्ल वाइमन यांना आदल्याच वर्षी, २००१ साली, भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोन सहकाऱ्यांबरोबर मिळाले होते. या प्रकल्पाने विज्ञानाचे आणि गणिताचे अनेक आभासी प्रयोग तयार केले असून ते सर्वांना विनामूल्य वापरता येतात. त्यांपैकी एक आहे आपला फुग्याचा प्रयोग. पडद्यावर डावीकडे स्वेटर, मध्ये फुगा आणि उजवीकडे भिंत. माउसने फुगा पकडायचा, स्वेटरवर घासायचा, भिंतीकडे न्यायचा. खऱ्या प्रयोगात जे कधीच दिसत नाही तेही येथे दिसते. धन आणि ऋण प्रभारांची लहान लहान चिन्हे स्वेटरवर, फुग्यावर आणि भिंतीवर मांडलेली असतात. घासताना ऋण चिन्हे स्वेटरवरून उचलली जाऊन फुग्यावर जाताना आपण पाहतो.

आता एक प्रश्न. तुमच्या वर्गात एखादा अंध विद्यार्थी असेल तर त्याने हा पडद्यावरचा प्रयोग कसा करायचा?

खरा फुगा त्याच्या हातात दिला तर अडचण फारशी नाही. फुगा घासताना होणारा तडतड आवाज त्याला ऐकू येतो. घासलेला फुगा हाताजवळ आणला की हातावरचे केस उभे राहतात, ते त्याला जाणवते. फुगा भिंतीला चिकटला की नाही, हे तो चाचपून सांगू शकतो. संगणकाचा पडदा मात्र नुसती गुळगुळीत काच. तिच्यावर फुगा कोठे, स्वेटर कोठे, हे बोटांना काहीच कळत नाही. डोळस विद्यार्थ्यासाठी जो प्रयोग संगणकाने सोपा केला, तोच अंध विद्यार्थ्यासाठी पहिल्यापेक्षा अवघड करून ठेवला. ही अडचण कशी दूर करतात, हे या लेखात पाहू या.

दार कोठे बंद होते?

लुई ब्रेल या फ्रेंच मुलाची दृष्टी लहानपणीच एका अपघातात गेली. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा उंच ठिपक्यांची लिपी तयार केली आणि अंधांना वाचन-लेखनाचे दार उघडले. पण विज्ञान आणि गणित यांचे दार त्यानंतरही बराच काळ अर्धवटच उघडे राहिले. सूत्रे, आलेख, आकृत्या यांचे काय करायचे, हा प्रश्न सुटला नव्हता.

अब्राहम नेमेथ हे १९१८ साली न्यू यॉर्कमध्ये जन्मलेले, जन्मांध गृहस्थ. त्यांना गणिताची विलक्षण आवड. पण अंध माणसाला गणित झेपणार नाही असे मार्गदर्शकांनी सांगितल्यामुळे त्यांनी मानसशास्त्राचे शिक्षण घेतले. ओढ काही सुटेना. पुढे ते गणिताकडे वळलेच, गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९५२ साली त्यांनी गणितासाठी तयार केलेली ब्रेल चिन्हपद्धती प्रसिद्ध झाली. ती आज ‘नेमेथ कोड’ या नावाने ओळखली जाते.

आपल्या देशातील उदाहरण अगदी अलीकडचे आहे. दिल्लीचे कार्तिक सॉहनी जन्मांध. त्यांना अकरावीत विज्ञान शाखा घ्यायची होती; पण त्यासाठी परवानगी मिळवायलाच बरीच खटपट करावी लागली. २०१३ साली बारावीच्या परीक्षेत त्यांना ९६ टक्के गुण मिळाले आणि पुढे ते संगणकशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले.

अंध विद्यार्थ्याला विज्ञान-गणिताऐवजी दुसरा विषय घेण्याची सवलत देणे हा सद्हेतूच असतो. परंतु ती सवलत पुष्कळदा वाटच बंद करते. विषय एकदा सुटला की पुढे अभियंता, संशोधक, विज्ञानशिक्षक होण्याची शक्यताही सुटते. म्हणून शाळेतले विज्ञानाचे साधन त्याला वापरता येते की नाही, हा प्रश्न त्याच्या साऱ्या आयुष्याशी जोडलेला आहे.

संगणक बोलतो कसा?

अंध व्यक्ती संगणक वापरतात तो ‘स्क्रीन रीडर’ नावाच्या प्रोग्रॅमच्या मदतीने. पडद्यावर काय आहे ते हा प्रोग्रॅम मोठ्याने वाचून दाखवतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली ‘एनव्हीडीए’ हा असाच एक स्क्रीन रीडर लिहायला घेतला. तो विनामूल्य मिळतो आणि त्यात मराठी उच्चारांचीही सोय आहे. अँड्रॉइड मोबाइलमध्ये असलेली ‘टॉकबॅक’ ही सोय याच प्रकारची.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्क्रीन रीडर चित्राकडे पाहून त्यात काय आहे ते ओळखत असेल, असे पुष्कळांना वाटते. पण त्याचे नेहमीचे काम तसे चालत नाही. वेब पानाच्या मागे मजकुराची एक रचना दडलेली असते. हे शीर्षक, हा परिच्छेद, हे बटण, ही यादी, अशा खुणा तीत केलेल्या असतात. स्क्रीन रीडर ती रचना वाचतो. जे त्या रचनेत नाही, ते त्याच्या दृष्टीने जगातच नाही.

आता आपला आभासी प्रयोग घ्या. फुगा, स्वेटर, प्रभारांची चिन्हे हे सारे रंगांच्या ठिपक्यांनी रंगवलेले चित्र. मागच्या रचनेत त्याची नोंद केली नसेल, तर स्क्रीन रीडर तेथे येतो, काही सापडत नाही म्हणून गप्प बसतो किंवा पुढे निघून जातो. अंध विद्यार्थ्याला प्रयोगाच्या जागी फक्त शांतता ऐकू येते.

चित्राला एक वाक्य जोडले की झाले, असे तुम्ही म्हणाल. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १९९९ साली वेब पानांसाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रत्येक चित्राला शब्दांत पर्याय द्यावा, हे त्यांतील एक मूलभूत तत्त्व आहे. पुस्तकातल्या स्थिर चित्राला ते पुरते. पण प्रयोगातले चित्र दर क्षणाला बदलते. ओहमच्या नियमाचा आभासी प्रयोग पाहा. त्यात विभवांतर ०.१ व्होल्टपासून ९ व्होल्टपर्यंत एक-दशांशाच्या पायरीने बदलता येते, म्हणजे त्याच्या ९० किमती झाल्या. रोध १० ओहमपासून १००० ओहमपर्यंत एकेक ओहमने बदलता येतो, म्हणजे ९९१ किमती. या दोहोंच्या जोड्या ९० × ९९१ = ८९,१९०. एवढी वाक्ये कोण लिहून ठेवणार?

चित्रामागचे दुसरे पान

यावर ‘फेट’च्या मंडळींनी काढलेला उपाय मोठा सयुक्तिक आहे. चित्राच्या मागे त्यांनी शब्दांचे एक दुसरे पान ठेवले. ते डोळ्यांना दिसत नाही. स्क्रीन रीडरला मात्र वाचता येते. त्यात शीर्षके असतात, स्वेटर, फुगा, भिंत यांच्या स्थितीची वाक्ये असतात आणि विद्यार्थ्याला वापरता येतील अशी बटणे असतात. चित्र आणि हे पान दोन्ही एकाच हिशेबावर चालतात. फुगा हलला की चित्र बदलते आणि त्याच क्षणी पानावरची वाक्येही बदलतात. वाक्ये आधीपासून लिहून ठेवलेली नसतात. त्यांचे तुकडे तयार असतात आणि स्थितीप्रमाणे ते जोडले जातात.

हे पान दोन प्रकारे वाचले जाते. एक, विद्यार्थी आपल्या मनाने, आपल्या गतीने ते वाचतो. हवे तेव्हा मागे जातो, हव्या त्या शीर्षकावर उडी मारतो. डोळस विद्यार्थी चित्रावरून नजर फिरवतो, त्यासारखेच हे. दुसरे, काही महत्त्वाचे घडले की संगणक आपण होऊन ते सांगतो. फुगा घासला की लगेच ‘फुग्यावर ऋण प्रभार आला’ असे ऐकू आले पाहिजे. आपल्या कृतीचा परिणाम लागलीच कळला नाही तर तो प्रयोग कसला?

येथेच एक पेच येतो. डोळा एका दृष्टिक्षेपात दहा बदल टिपतो. कान मात्र एका वेळी एकच वाक्य ऐकतो. फुगा स्वेटरवरून एकदा फिरला तर दहा-बारा प्रभार उचलले जातात. प्रत्येकाची बातमी दिली तर पहिली बातमी संपेपर्यंत फुगा भिंतीपाशी पोहोचलेला असेल आणि कानांत अजून स्वेटरचीच हकीकत चालू असेल. म्हणून नियम ठरवावे लागतात. पहिला प्रभार आला की ते सांगायचे. पुढे ‘थोडे’, ‘बरेच’, ‘पुष्कळ’ या पायऱ्या ओलांडल्या तरच बोलायचे. नवी बातमी आली की शिळी सोडून द्यायची.

काय सांगायचे आणि काय नाही?

चित्र काढणारा सगळेच काढून मोकळा होतो. काय पाहायचे ते पाहणारा ठरवतो. वर्णन लिहिणाऱ्याला ती मोकळीक नाही. या चित्रात विज्ञान कोणते आणि सजावट कोणती, हे त्याला आधी ठरवावे लागते.

फुगा पिवळा आहे हे सांगावे काय? एकच फुगा असेल तर रंगाला काही महत्त्व नाही. पण या प्रयोगात दुसरा, हिरवा फुगाही घेता येतो. तेव्हा कोणत्या फुग्याविषयी बोलत आहोत हे कळण्यासाठी रंग हे नाव म्हणून उपयोगी पडते. फुगा डाव्या कडेपासून किती अंतरावर आहे, हे आकड्यात सांगावे काय? आकडा अचूक असेल, पण त्यातून काही बोध होणार नाही. ‘स्वेटरजवळ’, ‘मध्यभागी’, ‘भिंतीला टेकलेला’ या शब्दांनी जागा चटकन मनात उभी राहते.

सर्वांत अवघड प्रश्न निराळाच आहे. पुढील दोन वाक्यांची तुलना करा.

‘ऋण प्रभारित फुग्याने भिंतीतील ऋण प्रभारांना दूर लोटल्यामुळे फुगा भिंतीकडे ओढला गेला.’

‘फुगा भिंतीजवळ आहे. भिंतीतील ऋण प्रभार फुग्यापासून थोडे मागे सरकले आहेत. धन प्रभार जागेवरच आहेत.’

पहिले वाक्य बिनचूक आहे. पण त्याने विद्यार्थ्याचे काम संपवून टाकले. ‘असे का झाले?’ हा विचार करण्याची संधीच त्याला मिळाली नाही. दुसरे वाक्य डोळस विद्यार्थ्याला जे दिसते तेवढेच सांगते. निष्कर्ष दोघांनीही आपापला काढायचा. अंध विद्यार्थ्याला मदत म्हणून उत्तर सांगून टाकणे हा दयाळूपणा दिसतो, पण त्यामुळे प्रयोगाची गोष्ट होते. त्याला निरीक्षण द्यायचे. अनुमान त्याचे त्याला करू द्यायचे. चांगल्या वर्णनाची ही खरी कसोटी आहे.

दुसरे एक पथ्य आहे. ‘थोडे’, ‘बरेच’, ‘पुष्कळ’ हे शब्द एकदा ठरले की साऱ्या प्रयोगभर तेच वापरायचे. निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला तर गुरुजी लाल खूण करतील; येथे मात्र शब्द बदलला तर विद्यार्थ्याला वाटेल की स्थितीच बदलली. मोजपट्टीवरच्या रेघा मध्येच सरकून चालत नाहीत, तसेच हे.

माउसविना फुगा

अंध व्यक्ती सहसा माउस वापरत नाही, कारण पडद्यावरचा बाण कोठे आहे हे पाहिल्याशिवाय माउसचा उपयोग नाही. तिची सारी भिस्त कळफलकावर. तेव्हा प्रयोगातील प्रत्येक कृती कळ दाबून करता आली पाहिजे. टॅब कळीने एका वस्तूवरून पुढच्या वस्तूवर जायचे, स्पेस कळीने फुगा पकडायचा, बाणांच्या कळांनी तो हलवायचा आणि पुन्हा स्पेस दाबून सोडायचा. सरकपट्टीच्या दोन टोकांना एका दमात जाण्यासाठी होम आणि एंड या कळा असतात. लांबचा पल्ला कंटाळवाणा होऊ नये म्हणून फुग्याला थेट भिंतीपाशी किंवा स्वेटरपाशी नेणाऱ्या कळांच्या जोड्याही ठेवल्या आहेत.

हे वाचायला साधे वाटते. पण त्याचे महत्त्व मोठे आहे. ज्याला नुसते वर्णन ऐकायला मिळते तो प्रेक्षक. ज्याला फुगा हलवता येतो, चुकवता येतो, पुन्हा घासून पाहता येतो, तो प्रयोग करणारा. मित्राने माउस चालवायचा आणि अंध विद्यार्थ्याने शेजारी बसून ऐकायचे, हा प्रकार शाळांतून सर्रास दिसतो. त्यात प्रश्न मित्राच्या मनातले तपासले जातात. अंध विद्यार्थ्याच्या मनातले तसेच राहतात.

सुराने मोजलेली विद्युतधारा

शब्दांखेरीज आणखी एक साधन कानांसाठी आहे, ते म्हणजे सूर. मोजमाप आवाजात मांडण्याची कल्पना नवी नाही. किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर गणकाची टिकटिक तुम्ही ऐकली असेल. टिकटिक दाट झाली की किरणोत्सार वाढला. काट्याकडे न पाहताही हे कळते.

ओहमच्या नियमाच्या प्रयोगात याचा उपयोग कसा होईल, ते गणित करून पाहू. विभवांतर ४.५ व्होल्ट आणि रोध ५०० ओहम असेल तर विद्युतधारा ४.५ भागिले ५००, म्हणजे ०.००९ अँपिअर, अर्थात ९ मिलिअँपिअर. आता विभवांतर ४.५ व्होल्टच ठेवून रोध १००० वरून ९९० ओहम केला, तर धारा ४.५ वरून जेमतेम ४.५५ मिलिअँपिअर होते. पण रोध २० वरून १० ओहम केला तर धारा २२५ वरून एकदम ४५० मिलिअँपिअर! दोन्ही वेळा रोध दहाच ओहमने उतरला. परिणामात केवढा फरक!

‘फेट’च्या प्रयोगात हे दाखवण्याची युक्ती मजेदार आहे. सूत्रातील व्ही, आय, आर ही अक्षरेच किमतीप्रमाणे लहान-मोठी होतात. रोध फार कमी केला की ‘आय’ हे अक्षर फुगून पडदा व्यापते. वर्णनातही हेच सांगतात : अमुक अक्षर थोडे मोठे झाले, अमुक पुष्कळ मोठे झाले आणि आता धारा इतकी आहे.

हेच सुरात आणायचे झाले तर? समजा, आपण ठरवले की धारा दुप्पट झाली की सूर एक सप्तक वर जावा. मध्य सप्तकातील सा ची कंपनसंख्या तार सप्तकातील सा मध्ये बरोबर दुप्पट होते, हे तुम्हाला माहीत असेल. रोध १००० वरून १० पर्यंत आणला तर धारा १०० पट होते. म्हणजे कंपनसंख्याही १०० पट करावी लागेल. सुरुवात सेकंदाला ११० कंपनांनी केली तर शेवट ११,००० वर होईल. हा सूर कर्णकर्कश होईल आणि वर्गात कोणी तो ऐकून घेणार नाही. म्हणून नियम थोडा बदलू : धारा दुप्पट झाली की सूर अर्धे सप्तकच वर जावा. आता कंपनसंख्या धारेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. १०० चे वर्गमूळ १०. तेव्हा ११० पासून निघालेला सूर ११०० पाशी थांबतो. हा पल्ला कानांना सोसतो. सरकपट्टीवर रोध हळूहळू कमी करत गेलो तर आधी सूर जागचा हलत नाहीसा वाटेल आणि शेवटी शेवटी झपाट्याने चढेल. व्यस्त प्रमाणाचा वक्र आलेख कानांनी ‘पाहिला’ तो असा!

मात्र वाढती राशी म्हणजे चढता सूर, हे सर्वत्र खरे मानू नका. तंबोऱ्याची तार जितकी लांब आणि जाड, तितका सूर खर्जातला. मोठ्या, जड वस्तूचा आवाज खालचा असतो, हे आपल्या कानांत मुरलेले आहे. तेव्हा तारेची लांबी वाढताना सूर चढवावा की उतरवावा, हे टेबलाशी बसून ठरवता येत नाही. ऐकणाऱ्यांना विचारूनच ठरवावे लागते. यासाठी अंध विद्यार्थ्यांना बोलावून त्यांच्याकडून प्रयोग करून घेतात, ते कोठे अडखळतात हे पाहतात आणि मग दुरुस्ती करतात. डोळे बांधून बसलेला डोळस माणूस अंध विद्यार्थ्याच्या जागी चालत नाही. एकाला अंधाराची सवय नसते. दुसऱ्याला ऐकण्याचा सराव असतो.

मराठीत सांगताना

सूत्रे मोठ्याने वाचण्याच्या बाबतीत एका पुणेकराचे नाव आवर्जून सांगितले पाहिजे. टी. व्ही. रामन यांचा जन्म पुण्याचा. वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी घेऊन ते मुंबईच्या आय. आय. टी.त आणि पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकले. ‘क्ष अधिक एक भागिले य’ हे ऐकून काय समजायचे? क्ष = ३ आणि य = २ असेल तर एका अर्थाने उत्तर साडेतीन येते आणि दुसऱ्या अर्थाने दोन! कागदावर भागाकाराची आडवी रेघ हा घोटाळा होऊ देत नाही. १९९४ च्या आपल्या पीएच.डी.च्या कामात रामन यांनी अशी गणिते ऐकवणारी पद्धत तयार केली. तीत घातांक आला की वाचणारा आवाजच थोडा वर चढतो आणि सूत्राची रचना कानांना कळते.

मराठी वर्णनासाठी अजून एक काम आपणालाच करावे लागेल. तुकडे जोडून वाक्य बनवणे इंग्रजीत तुलनेने सोपे जाते. आपली भाषा तसे करू देत नाही. ‘विद्युतधारा वाढली’, ‘रोध वाढला’, ‘विभवांतर वाढले’. नाम बदलले की क्रियापद बदलते. ‘स्वेटर’ला ‘ला’ जोडला की ‘स्वेटरला’ होते. पण ‘भिंत’ला जोडताना ‘भिंतीला’ करावे लागते. ४.५ हा आकडा ‘साडेचार’ वाचायचा की ‘चार दशांश पाच’, हेही ठरवले पाहिजे. पडद्यावरची बटणे मराठीत आणणे ही एक पायरी झाली. बोलणारे वर्णन मराठीत आणणे ही त्यापुढची, अधिक अवघड पायरी. त्यासाठी संगणक जाणणारा, भाषा जाणणारा आणि वर्गात शिकवणारा, असे तिघे एकत्र बसले पाहिजेत.

शिक्षकांसाठी दोन शब्द

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने दिव्यांग मुलांना इतर मुलांबरोबर शिकण्याचा हक्क दिला आहे. पण मूल वर्गात येऊन बसले आणि फळ्यावरची आकृती, पडद्यावरचा प्रयोग त्याच्यापर्यंत पोहोचला नाही, तर तो हक्क बाकापुरताच राहतो. एखादे शैक्षणिक सॉफ्टवेअर निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. ते केवळ कळफलकाने चालते का? स्क्रीन रीडर सुरू केल्यावर ते बोलते का? आणि कृती केल्यावर झालेला बदल ते सांगते का? ‘फेट’च्याही सर्वच प्रयोगांना वर्णनाची आणि आवाजाची सोय नाही, म्हणून प्रत्येक प्रयोग आधी स्वतः तपासावा. शिवाय खरा फुगा, खरी तार, उठावाच्या आकृत्या यांची जागा संगणक घेऊ शकत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

या साऱ्या खटाटोपाचा फायदा एकट्या अंध विद्यार्थ्याला होतो, असेही नाही. ‘भिंतीतील ऋण प्रभार थोडे मागे सरकले’ हे वाक्य कानावर पडले की, आतापर्यंत नुसती रंगीत चिन्हे पाहणारा डोळस विद्यार्थीही नेमके कोठे पाहायचे ते शिकतो.

करून पहा

१. दोघांनी पाठीला पाठ लावून बसा. एकाने पाठ्यपुस्तकातील विद्युत परिपथाची आकृती दुसऱ्याला फक्त शब्दांत सांगायची. दुसऱ्याने ती ऐकून काढायची. मग दोन्ही आकृत्या ताडून पाहा. फरक पडला असेल तर कोणता शब्द कमी पडला, ते लिहून ठेवा.

२. संगणकाचा माउस काढून ठेवा. केवळ टॅब, स्पेस, एंटर आणि बाणांच्या कळा वापरून एखादा आभासी प्रयोग पुरा करता येतो का, ते पाहा. कोठे अडलात त्याची नोंद करा.

३. हार्मोनिअमवर किंवा बासरीवर तुमच्या गावाचे एका आठवड्याचे रोजचे कमाल तापमान ‘वाजवून’ दाखवा. एक अंश म्हणजे किती स्वर, हे तुम्ही ठरवा. मित्राने तो आलेख ऐकून कागदावर काढावा.

४. लंबकाच्या प्रयोगाचे वर्णन पाच वाक्यांत लिहा. अट एकच : दोलनकाल कशावर अवलंबून असतो, हे त्यात सांगायचे नाही, पण ऐकणाऱ्याला ते शोधून काढता आले पाहिजे. हे वर्णन तुमच्या ओळखीच्या अंध विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला ऐकवा आणि त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न लिहून ठेवा. वर्णनात काय राहून गेले, ते तो प्रश्नच तुम्हाला सांगेल.